कंबरदुखी आणि रेडिओफ्रिक्वेन्सी : कोणती नस, सुई कशी, तापमान किती आणि कुठे चुकतं

पाऊलवाट

कंबरदुखीसाठी 'आरएफ', म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सीने नस निकामी करण्याचा सल्ला मिळाला की रुग्ण आणि घरच्यांपुढे तेच तेच प्रश्न उभे राहतात आणि उत्तरं मात्र तुकड्यातुकड्यांनी मिळतात. एकीकडे 'सुईने नस जाळतात, मग काही त्रास राहत नाही' असं ऐकू येतं, दुसरीकडे 'पायातली ताकद जाते' अशी भीती घातली जाते. इथे पेन मेडिसिन, रेडिऑलॉजी, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांतले बरेच जण लिहितात. ही पद्धत नक्की कोणत्या दुखण्याला चालते, आधीचा चाचणीचा ब्लॉक (नस तात्पुरती बधिर करून पाहणं) कसा व्हायला हवा, सुई, तापमान आणि वेळ यांचे आकडे काय असतात आणि बिघडतं कुठे, हे सविस्तर यावं. स्वतःच्या आजारपणाच्या हकिकती कृपया वेगळ्या धाग्यावर लिहू, इथे फक्त तंत्र.

रानवारा

चांगला धागा. सुरुवात निदानापासूनच करायला हवी, कारण आरएफ फसतं ते बहुतेक वेळा यंत्र सुरू होण्याच्या आधीच फसलेलं असतं.

'नस दबली आहे' या शब्दांखाली दोन अगदी वेगळी दुखणी मोडतात. पहिलं मज्जामुळाचं, म्हणजे मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेच्या मुळाचं. चकती सरकून किंवा नस बाहेर पडते ते मणक्यांमधलं छिद्र अरुंद होऊन मूळ दाबलं किंवा सुजलं की कळ गुडघ्याखाली, पोटरीत, पावलापर्यंत जाते. खोकताना, शिंकताना वाढते, मुंग्या येतात, बधिरपणा असतो. या मुळात संवेदनेचे आणि हालचालीचे असे दोन्ही तंतू असतात. तिथे ८० अंशांची उष्णता कधीही द्यायची नसते. दिली तर पाय लुळा पडू शकतो, शिवाय नस मेल्यामुळे होणारं नवं, जास्त चिवट दुखणं मागे लागू शकतं.

दुसरं दुखणं फॅसेट सांध्यांचं, म्हणजे मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीने असलेल्या छोट्या सांध्यांचं. हे कंबरेतच, मधल्या रेषेच्या बाजूला असतं. नितंबात आणि मांडीच्या मागच्या भागात उतरतं, पण गुडघ्याखाली क्वचितच जातं. या सांध्यांची संवेदना वाहून नेणाऱ्या बारीक फांदीला मेडियल ब्रँच म्हणतात. मज्जामुळाच्या मागच्या शाखेची ही फांदी. ती सांध्याला, मणक्यालगतच्या मल्टिफिडस स्नायूला आणि त्या भागातल्या अस्थिबंधांना जाते, पायाकडे जात नाही. म्हणूनच ती उष्णतेने निकामी करता येते. नेहमीचं 'आरएफ' म्हणजे हेच.

आता एक अडचण. मागे वाकल्यावर दुखणं, वळल्यावर दुखणं, सांध्यावर दाबल्यावर दुखणं, यातल्या कुठल्याच लक्षणाने फॅसेटचं दुखणं सिद्ध होत नाही. एमआरआयनेही होत नाही. चाळिशीनंतर झिजलेले फॅसेट सांधे कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही सर्रास दिसतात. रिपोर्टवर 'फॅसेट आर्थ्रोपथी' वाचून थेट आरएफ करणं चूक आहे. सिद्ध करायचा मार्ग एकच, मेडियल ब्रँचचा ब्लॉक.

शलाका

एक शंका. एल४-एल५ सांध्यासाठी (एल म्हणजे कंबरेचे मणके, एस म्हणजे त्याखालच्या त्रिकास्थीचे) कागदावर 'एल३ आणि एल४ मेडियल ब्रँच' असं लिहिलेलं असतं. हा आकड्यांचा घोळ आहे की बरोबर आहे?

रानवारा

शलाका, बरोबर आहे. प्रत्येक फॅसेट सांध्याला दोन फांद्या जातात, एक वरच्या पातळीची आणि एक त्याच पातळीची. एल४-एल५ सांध्याला एल३ आणि एल४ची मेडियल ब्रँच जाते. एल५-एस१ सांध्याला एल४ची मेडियल ब्रँच आणि एल५ची मागची शाखा जाते. त्यात आणखी एक पायरी अशी की फांदी तिच्या नावाच्या मणक्यावर सापडत नाही, त्याच्या खालच्या मणक्यावर सापडते. एल३ची फांदी एल४ मणक्याच्या आडव्या प्रवर्धावरून (बाजूला निघालेल्या हाडाच्या टोकावरून) जाते, एल४ची एल५च्या प्रवर्धावरून. एल५ची मागची शाखा त्रिकास्थीच्या पंखावर, एस१च्या वरच्या सांधाप्रवर्धाच्या पायथ्याशी असते. म्हणजे एका बाजूचे खालचे दोन सांधे करायचे तर तीन जागा, दोन्ही बाजूंचे करायचे तर सहा.

काही जणांत पाचवा मणका त्रिकास्थीला जोडलेला असतो किंवा एस१ सुटा असतो. तिथे मोजणी एकाने चुकते आणि सगळ्या सुया चुकीच्या मजल्यावर बसतात. एमआरआय आणि साधा एक्स-रे शेजारी ठेवून, मोजणी कुठून केली ते लिहून मगच सुरुवात करावी.

निरभ्र

ब्लॉकबद्दल सविस्तर लिहितो, कारण याच पायरीवर सगळ्यात जास्त ढिलाई होते.

प्रत्येक फांदीवर ०.३ ते ०.५ मिली औषध पुरे. २ टक्के लिग्नोकेन किंवा ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन. एका जागी दीड-दोन मिली सोडलं तर ते शेजारच्या स्नायूत आणि मज्जामुळाच्या छिद्रापर्यंत पसरतं. मग आराम पडला तरी तो कशामुळे पडला ते कळत नाही. त्याच कारणाने सुईचं टोक आडव्या प्रवर्धाच्या आणि सांधाप्रवर्धाच्या मधल्या खाचेच्या अगदी वरच्या कडेला न ठेवता थोडं खाली ठेवतात. औषधाआधी ०.२ ते ०.३ मिली कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) देऊन पडद्यावर थेट पाहायचं. रेषा झरझर निघून गेली तर टोक रक्तवाहिनीत आहे. ते तसंच राहिलं तर ब्लॉक खोटा 'निगेटिव्ह' येतो आणि ज्याला खरोखर उपयोग झाला असता तो माणूस उपचाराबाहेर पडतो.

कातडी बधिर करायलाही कमीत कमी औषध वापरावं. झोपेचं औषध देऊ नये आणि फेंटानिलसारखं वेदनाशामक तर मुळीच नको. त्यानेच दुखणं कमी झालं तर चाचणी वाया गेली. ब्लॉकच्या दिवशी सकाळी दुखणं असायला हवं, नसेल तर तारीख पुढे ढकलावी. नेहमीच्या वेदनाशामक गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

यानंतरचं काम रुग्णाचं. ब्लॉक झाल्यावर घरी जाऊन आडवं पडायचं नाही. जी हालचाल एरवी दुखवते तीच करायची. उभं राहायचं, मागे वाकायचं, जिना चढायचा, जितका वेळ बसलं की दुखतं तितकं बसायचं. सुरुवातीचे सहा ते आठ तास दर अर्ध्या तासाने शून्य ते दहा या मापावर आकडा लिहायचा. कंबरेचा आणि पायाचा आकडा वेगवेगळा. 'बरं वाटलं' या शब्दाला इथे काही किंमत नाही, ७ वरून २ वर आलं आणि चार तास टिकलं याला आहे.

रानवारा

निरभ्र यांच्याशी सहमत. एक भर घालतो : ब्लॉकमध्ये स्टेरॉइड मिसळायचं कारण नाही. निदानाला त्याचा उपयोग नाही, आणि मधुमेह असेल तर साखर काही दिवस वर राहते.

कडुनिंब

ब्लॉक एक की दोन? एकेक ठिकाणी एकेक सांगतात.

निरभ्र

हा खराखुरा वाद आहे. एकाच ब्लॉकवर विसंबलं तर खोट्या 'पॉझिटिव्ह'चं (दुखणं फॅसेटचं नसतानाही आराम पडण्याचं) प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण २५ ते ४० टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. म्हणून स्पाइन इंटरव्हेन्शन सोसायटीची परंपरा दोन ब्लॉकची. वेगवेगळ्या दिवशी, एकदा लिग्नोकेन आणि एकदा ब्युपिव्हाकेन, आणि दोन्ही वेळा त्या त्या औषधाच्या मुदतीइतका ८० टक्के आराम. उलट अनेक संस्थांनी मिळून २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेने एक ब्लॉक आणि ५० टक्क्यांहून जास्त आराम हा निकष पुरेसा मानला. कारण निकष जितका कडक, तितके उपयोग होऊ शकणारे लोकही गाळले जातात. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१६ची मार्गदर्शिका सांगते की बाकीचे उपाय लागू पडले नसतील, दुखणं दहापैकी ५ किंवा जास्त असेल आणि ब्लॉकला प्रतिसाद मिळाला असेल तरच आरएफचा विचार करावा.

माझं मत दोन ब्लॉककडे झुकतं, विशेषतः तरुण रुग्णात आणि दोन्ही बाजू करायच्या असतील तेव्हा. फार वयस्कर, प्रवास झेपत नसलेल्या माणसात काटेकोरपणे केलेला एक ब्लॉकही चालेल. पण एकही ब्लॉक न करता आरएफ सुचवलं जात असेल तर तिथे थांबून कारण विचारावं.

क्षकिरण

सी-आर्मच्या, म्हणजे सुई टोचताना थेट चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राच्या बाजूने लिहिते. रुग्ण पालथा, पोटाखाली उशी, म्हणजे कंबरेचा आतला बाक कमी होतो. एक्स-रे नळी टेबलाखाली, प्रतिमा टिपणारा डिटेक्टर वर. उलटं ठेवलं तर विखुरलेले किरण डॉक्टरांच्या तोंडाकडे आणि गळ्याकडे येतात.

पहिली प्रतिमा सरळ समोरची. ज्या मणक्यावर काम करायचं त्याची वरची कड एका रेषेत आणायची, दोन रेषा दिसत असतील तर नळी डोक्याकडे किंवा पायाकडे कलवायची. मागचा काटा दोन्ही पेडिकलच्या (मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या हाडाच्या खांबांच्या) बरोबर मध्ये हवा. हे न करता थेट तिरकी प्रतिमा घेतली की पुढची सगळी मापं खोटी पडतात. मग त्याच बाजूला तिरकं. ब्लॉकसाठी साधारण २५ ते ३५ अंश, तिथे 'स्कॉटी डॉग'चा, म्हणजे कुत्र्यासारखा आकार दिसतो आणि त्याच्या डोळ्याच्या वरच्या-आतल्या भागाशी सुई पोचवतात. आरएफसाठी तिरकेपणा कमी, १५ ते २० अंश, आणि त्यासोबत वरचा डिटेक्टर पायाकडे कलवलेला, कारण कॅन्युला (आरएफची पोकळ सुई) खालून वर न्यायची असते. एल५ला श्रोणीची कड आड येते, तिथे १०-१५ अंशांवरच भागवावं लागतं.

बाजूची प्रतिमा कधीही वगळू नये. समोरून आणि तिरक्यातून सुई सुरेख दिसते आणि बाजूने पाहिलं की टोक मज्जामुळाच्या छिद्रात शिरलेलं आढळतं. उष्णता देण्याआधी समोरची, तिरकी आणि बाजूची अशा तिन्ही प्रतिमा साठवल्या पाहिजेत.

किरण कमी ठेवायचे मार्ग साधे आहेत. सतत चालू न ठेवता पल्स्ड मोड, कॉलिमेटरने चौकट लहान, शेवटची प्रतिमा पडद्यावर गोठवून विचार करणं, हात किरणांच्या वाटेत न आणणं. शिशाचा एप्रन, थायरॉइडचं कवच आणि डोसमापक बॅज ओटीतल्या प्रत्येकाला. गर्भवती रुग्णात ही प्रक्रिया करत नाहीत.

शलाका

मग सोनोग्राफीने का करत नाहीत? किरणच नाहीत तिथे.

क्षकिरण

ब्लॉकसाठी करतात, सडपातळ माणसात चांगलं दिसतं. पण आरएफमध्ये टोक किती पुढे गेलं हे बाजूच्या प्रतिमेत जसं स्पष्ट दिसतं तसं सोनोग्राफीत दिसत नाही, हाडापलीकडे सावलीच असते. वजन जास्त असेल तर खोलीमुळे सुईच हरवते, आणि एल५ला कड आड येतेच.

रानवारा

आता मुख्य भाग, कॅन्युला आणि उष्णता.

यंत्रातून साधारण ५०० किलोहर्ट्झचा उलटसुलट प्रवाह जातो. कॅन्युलावर इन्सुलेशन असतं, फक्त टोकाकडचे काही मिलिमीटर उघडे. त्या उघड्या भागाभोवतीच्या पेशींमध्ये आयन हलून घर्षणाने उष्णता तयार होते. म्हणजे ऊती तापतात आणि त्यांच्यामुळे टोक तापतं. आतल्या इलेक्ट्रोडमधलं थर्मोकपल तेच तापमान मोजतं. ४५ अंशांच्या वर काही काळ राहिलं की नस कायमची इजा पावते, पण ही मर्यादा टोकापासून थोड्या अंतरावरही ओलांडली जावी म्हणून टोकाशी ८० ते ९० अंश ठेवतात. वेळ ६० ते ९० सेकंद. पहिल्या मिनिटात भाजलेला भाग झपाट्याने वाढतो, ९० सेकंदांच्या पुढे फारशी भर पडत नाही. १०० अंशांच्या आसपास गेलं तर पाणी उकळतं, वाफ आणि कोळसा होतो, विद्युतरोध एकदम चढतो आणि भाजलेल्या भागाचा आकार बेभरवशाचा होतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : हा भाजलेला भाग उघड्या टोकाच्या कडेने, लांबट अंड्यासारखा बनतो. टोकाच्या पुढे जवळजवळ काहीच नाही. म्हणून कॅन्युला नसेला लागून, तिच्या दिशेने आडवी झोपवायची असते. ब्लॉकमधल्यासारखी उभी टोचली तर नसेवर फक्त टोक टेकतं आणि नस एक तर सुटते किंवा एक-दोन मिलिमीटरच जळते. तेवढीच जळली तर ती लवकर जुळूनही येते. 'दोन महिन्यांत परत दुखायला लागलं' या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच उभी सुई असते. मेडियल ब्रँचची शरीररचना १९७९-८० च्या सुमारास नीट मांडली गेल्यावर जुन्या पद्धतीतल्या सुया नसेपर्यंत पोचतच नव्हत्या हे लक्षात आलं. त्यानंतरही उभ्या सुईची सवय पुष्कळ ठिकाणी टिकून आहे, हे खटकतं.

कॅन्युला १८ किंवा २० गेजची (आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक), उघडं टोक १० मिमी, लांबी १०० मिमी, वजनदार माणसात १५०. २२ गेजने टोचताना त्रास कमी, पण भाजलेला भाग अरुंद. ती वापरायची तर प्रत्येक नसेवर शेजारी-शेजारी दोन-तीन वेळा उष्णता द्यावी लागते. टोक किंचित वाकडं असलेली कॅन्युला हाडावरून वळवायला सोपी जाते. कातडीवरचा प्रवेश लक्ष्याच्या साधारण एक मणका खाली आणि थोडा बाहेर. तिथून वर आणि आत जात आडव्या प्रवर्धाच्या आणि वरच्या सांधाप्रवर्धाच्या कोपऱ्यात हाडाला टेकायचं, मग कडेवरून काही मिलिमीटर पुढे सरकवायचं. बाजूच्या प्रतिमेत टोक सांधाप्रवर्धाच्या मानेवर हवं, त्याच्या पुढच्या कडेच्या मागेच. ती कड ओलांडली की पुढे छिद्र आणि मज्जामूळ.

मग विद्युत चाचणी. ५० हर्ट्झला ०.५ व्होल्टच्या आत कंबरेत दाब किंवा ओळखीची कळ जाणवली तर नस जवळ आहे. त्यानंतर २ हर्ट्झ, २ व्होल्टपर्यंत. कंबरेचा स्नायू धडधडला तर ठीक, ती मल्टिफिडसची हालचाल. मांडी, पोटरी किंवा पाऊल हललं तर कॅन्युला मागे घ्यायची, काही झालं तरी तिथे उष्णता द्यायची नाही. ही चाचणी होईपर्यंत खोल भूल देऊ नये हे उघड आहे, आणि बधिर करायचं औषध चाचणीच्या आधी सोडलं तर चाचणी निरर्थक होते. चाचणीनंतर प्रत्येक जागी १ मिली २ टक्के लिग्नोकेन, एक मिनिट थांबायचं, मग उष्णता. चालू असताना कंबरेत दुखलं तर सहन होईल इतपत चालतं, पायात कळ गेली की त्या क्षणी बंद.

ओटी_दिवा

यंत्राशेजारी उभं राहणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

उष्णता सुरू करण्याआधी पडद्यावरचं तापमान ३६-३७ दाखवतंय का बघा. खोलीचं तापमान दाखवत असेल किंवा आकडा उड्या मारत असेल तर थर्मोकपल किंवा केबल खराब. रोध साधारण २०० ते ५०० ओहम, लिग्नोकेन दिल्यावर थोडा उतरतो. हजाराच्या आसपास असेल तर क्रमाने पाहा : ग्राउंडिंग पॅड (कातडीवर चिकटवलेला, प्रवाह परत नेणारा) सुटलाय का, केबल पक्की बसलीये का, इलेक्ट्रोड कॅन्युलात शेवटपर्यंत गेलाय का, टोकाशी हवेचा बुडबुडा आहे का. फारच कमी रोध असेल तर इन्सुलेशन तडकलेलं असू शकतं. तडकलेली कॅन्युला वापरली तर वाटेतला स्नायू आणि कातडी भाजते, म्हणून वेष्टनातून काढल्यावर पूर्ण लांबी उजेडात फिरवून बघायची सवय हवी.

कॅन्युला १०० मिमीची तर इलेक्ट्रोडही १०० मिमीचाच. आखूड इलेक्ट्रोड लांब कॅन्युलात घातला तर मोजलेलं तापमान टोकाचं नसतं. ही चूक घाईत होते आणि पडद्यावर सगळं ठीकच दिसतं.

पॅड पोटरीला किंवा मांडीला, कोरड्या, केस काढलेल्या, सपाट जागी, पूर्ण चिकटलेला. व्रणावर, हाडाच्या उंचवट्यावर किंवा आत धातूचं रोपण असलेल्या जागी नाही. अर्धवट सुटलेल्या पॅडखाली प्रवाह छोट्या जागेत एकवटतो आणि तिथे खोल भाजतं. रुग्णाला स्थिती बदलायला लावल्यावर पॅड पुन्हा तपासायचा.

तापमान चढतच नसेल तर ताकद वाढवत बसू नका, डॉक्टरांना सांगा. टोकाशेजारून रक्तवाहिनी जात असली की ती उष्णता वाहून नेते आणि कॅन्युला थोडी सरकवावी लागते.

कडुनिंब

सायटिकाला, म्हणजे पायात जाणाऱ्या मज्जामुळाच्या दुखण्याला, मग काहीच नाही का यात? आणि पेसमेकर असेल, स्क्रू टाकलेले असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर?

रानवारा

सायटिकासाठी पल्स्ड आरएफ असतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत आली. २० मिलिसेकंदांचे झटके, सेकंदाला दोन, साधारण ४५ व्होल्ट, मधल्या विश्रांतीत उष्णता निघून जाते आणि टोक ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. एका फेरीला १२० सेकंद, दोन-तीन फेऱ्या. यात नस जाळत नाहीत, विद्युतक्षेत्राचा परिणाम वेदनेच्या संदेशांवर होतो असं मानतात. कॅन्युला छिद्राच्या वरच्या-मागच्या भागात, मज्जामुळाच्या गँग्लियनजवळ (संवेदनेच्या पेशींच्या गाठीजवळ) ठेवतात आणि ५० हर्ट्झला पायातली ओळखीची मुंगी येते का ते पाहतात. कंबरेच्या मुळांसाठीचा पुरावा मर्यादित आहे, मानेच्या मुळांसाठीचा त्याहून बरा. मेडियल ब्रँचवर मात्र पल्स्ड वापरू नये, तिथे उष्णतेचंच आरएफ सरस ठरलं आहे. 'पल्स्ड सुरक्षित म्हणून फॅसेटलाही तेच करू' हा सल्ला कमी उपयोगाचा.

सायटिकात पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, लघवी अडत असेल किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला असेल तर आरएफचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मणक्याच्या शल्यविशारदांकडे जावं. ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वीचा कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांचाही आधी तपास हवा.

पेसमेकर असेल तर हृदयतज्ज्ञांकडून त्याची सेटिंग तपासून घ्यायची, आयसीडी (ठोके बिघडले तर हृदयाला झटका देणारं यंत्र) असेल तर झटका देण्याचं कार्य तेवढ्यापुरतं बंद ठेवतात. पॅड पोटरीला लावायचा, म्हणजे प्रवाहाची वाट छातीकडे जात नाही. स्क्रू असतील तर कॅन्युला धातूला टेकलेली नाही हे एकाहून जास्त कोनांतून पाहायचं. टेकली तर उष्णता धातूत शिरते, नस राहते बाजूला आणि भलतीकडेच इजा होते. रक्त पातळ करणारी औषधं : कंबरेचा मेडियल ब्रँच ब्लॉक आणि आरएफ हे कमी रक्तस्रावाच्या गटात मोडतात, छिद्रातली प्रक्रिया त्यावरच्या गटात. गोळी स्वतःहून बंद करू नये. ज्यांनी ती दिली त्यांनी आणि पेन फिजिशियनने एकमेकांशी बोलून ठरवायचं. स्टेंट असलेल्या माणसात परस्पर बंद केलेली गोळी आरएफच्या कुठल्याही धोक्यापेक्षा घातक ठरू शकते.

निरभ्र

आणखी दोन प्रकार थोडक्यात, नावं ऐकून गोंधळ होतो म्हणून. कूल्ड आरएफमध्ये इलेक्ट्रोडच्या आतून पाणी फिरतं. टोक ६० अंशांवर ठेवतात, पण आजूबाजूची ऊती त्याहून जास्त तापते. वेळ १५० सेकंद, आणि भाजलेला भाग गोलसर, टोकाच्या पुढेही जातो. त्यामुळे उभी सुई चालते. त्रिकास्थी-श्रोणी सांध्यासाठी ती सोयीची, कारण तिथे एस१ ते एस३च्या बाजूच्या फांद्यांची जागा माणसागणिक बदलते.

दुसरा प्रकार मणक्याच्या पुढच्या मुख्य हाडातल्या बेसिव्हर्टिब्रल नसेचा. एमआरआयवर मोडिक १ किंवा २ बदल (चकतीलगतच्या हाडातले बदल) असलेल्या, बसल्यावर आणि पुढे वाकल्यावर वाढणाऱ्या दुखण्यासाठी. पेडिकलमधून हाडात शिरून ८५ अंश, १५ मिनिटं. त्या यंत्रणेला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. फॅसेटच्या आरएफशी याची गल्लत करू नये.

शलाका

२०१७ मधल्या एका मोठ्या डच अभ्यासात आरएफचा उपयोगच नाही असं आलं होतं ना?

निरभ्र

हो, मिंट अभ्यास, जामा या नियतकालिकात आलेला. ६८१ रुग्ण, फॅसेट, त्रिकास्थी-श्रोणी सांधा आणि मिश्र कारणं अशा तीन चाचण्या. व्यायामासोबत आरएफ आणि नुसता व्यायाम, यांत तीन महिन्यांनी रुग्णाला जाणवेल इतका फरक सापडला नाही. तो निकाल झटकून टाकता येत नाही. पण फॅसेटच्या गटात निवड एकाच ब्लॉकवर आणि ५० टक्क्यांच्या निकषावर झाली होती, आणि कॅन्युलाची जाडी व ठेवण यांवरही आक्षेप घेतले गेले. दुसऱ्या टोकाला २०००चा एक छोटा अभ्यास आहे. दोन ब्लॉक, जाड कॅन्युला नसेला समांतर, आणि बारा महिन्यांनी सुमारे ६० टक्के रुग्णांना किमान ९० टक्के आराम. तिथे रुग्ण मात्र फक्त १५. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की दिसतं ते असं : सैल निवड आणि सैल तंत्र असेल तर आरएफ व्यायामापेक्षा फारसं वेगळं काही देत नाही. ज्याला खरंच उपयोग होईल असे लोक कंबरदुखीच्या गर्दीत थोडेच असतात, त्यांना शोधायचं कष्टाचं काम ब्लॉकने करायचं असतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. नंतरच्या काळाबद्दल मी लिहिते, तो भाग फिजिओचा.

त्या दिवशी बधिर करायचं औषध पसरून पाय काही तास जड वाटू शकतो, म्हणून सोबत माणूस हवा आणि गाडी चालवायची नाही. पहिले एक-दोन आठवडे कंबर आधीपेक्षा जास्त दुखू शकते. याने घाबरून 'बिघडलं' असं ठरवू नये, आराम साधारण दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतो, काहींना सहा लागतात. काहींना कंबरेच्या कातडीवर उन्हाने भाजल्यासारखी चुरचुर होते, कपडा लागलेला सहन होत नाही. ही नसेची सूज, काही आठवड्यांत उतरते. जास्त असेल तर डॉक्टर त्यासाठी औषध देतात. अशा किंवा बधिर जागेवर गरम पिशवी ठेवू नये, चटका कळत नाही. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. सुईच्या जागी लाली वाढत जाणं, पू, ताप किंवा पायात नवी कमजोरी असेल तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

व्यायाम आधी थांबवलेला असेल तर इथे तो परत मिळवायचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधं चालणं. दुखणं उतरू लागलं की पोटाच्या खोल स्नायूंचं नियंत्रण, पेल्विक टिल्ट. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हातापायांवर येऊन विरुद्ध हात-पाय उचलणं, साइड प्लँक, कंबरेऐवजी खुब्यातून वाकायची सवय. मेडियल ब्रँच गेल्यावर मल्टिफिडसचा त्या पातळीचा पुरवठाही जातो, त्यामुळे वरखालच्या पातळ्यांचे तंतू आणि बाकीचे स्नायू मजबूत करणं अधिकच गरजेचं. दुखणं गेलं म्हणून व्यायाम टाळणारे लोक मिळालेला काळ फुकट घालवतात.

कडुनिंब

आराम किती टिकतो, आणि पुन्हा करता येतं का?

रानवारा

नस परत वाढते, म्हणून साधारण सहा महिने ते वर्ष, काहींना त्याहून जास्त. दुखणं तशाच प्रकारचं परत आलं आणि पहिल्या वेळी किमान तीन महिने चांगला आराम होता, तर पुन्हा आरएफ करता येतं आणि बहुतेकांना आधीइतकाच उपयोग होतो. दर वेळी ब्लॉकची गरज नसते. दुखण्याची जागा किंवा स्वभाव बदलला असेल तर मात्र निदान पहिल्यापासून. चार-सहा आठवड्यांतच परत आलं तर त्याला नस वाढणं म्हणू नये, एवढ्यात ती वाढत नाही. नस सुटली किंवा निदान चुकलं, आणि साठवलेल्या प्रतिमा पाहिल्याशिवाय दोन्हींतलं काय ते सांगता येत नाही.

ओटी_दिवा

त्यासाठीच डिस्चार्ज घेताना प्रतिमांची सीडी मागून घ्या. नुसत्या 'आरएफ केले' या दोन शब्दांवर दुसरे डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. कागदावर हे हवं : बाजू, कोणत्या फांद्या, मणक्यांची मोजणी कुठून केली, कॅन्युलाचा गेज आणि उघड्या टोकाची लांबी, तापमान, सेकंद, प्रत्येक जागी किती वेळा, ५० आणि २ हर्ट्झचे व्होल्टेज. ब्लॉकच्या दिवशीचा वेदनेचा तक्ता त्याच फाइलला लावून ठेवा.